झाकलेला हौद

काय सांगू तुमाले, माह्यं माहेर किनवटाकडलं, सासर हे भीमपुराकडलं. लगन झालं तवा दोन्ही एकाच जिल्ह्यात, मंग राज्यं वाटली, माहेर तिकडं मराठी मुलखात गेलं, मी इकडं तेलुगू मुलखात रायली. जागची हालली नाई अन् परराज्यातली झाली, पाहा.

आमच्या वावरात मोठा दगडी हौद व्हता. मोटीचं पाणी त्याच्यात साठवाचं, मंग मिरचीले सोडाचं, बैलायले पाजाचं. आत एक कासवीन सोडलेली. आमच्याकडं सोडतेतच, शेवाळ खाते, किडे खाते, पाणी चांगलं ठेवते. मी तिले बाई म्हनो. मामाजी, म्हंजे माहे सासरे, सकाळी पयले तिचं तोंड पाहात, मंगच पाणी सोडत.

राज्य बदललं तवा बाजारात कोणं तरी सांगतलं का नवं सरकार साठोल्या पाण्यावर शिक्का मारून ते ताब्यात घेनार हाय. झालं! मामाजीनं हौदावर सागाच्या फळ्या टाकल्या, वरतून माती, कडबा. पाणी खालच्या भोकाचा बोळा काढून घ्याचं. मी म्हटलं बाईले तं काढा, तं म्हने ती पाण्याची राखण हाय, राहू दे आत.

मंग भर उन्हाळ्यात विहीर आटली, अन् दुपारी हौदातून आवाज येऊन राह्यला. ठक ठक, ठक ठक. पाण्याले सडक्या अंड्याचा वास. सासू म्हने आसरा कोपल्या, पाण्यातल्या बाया त्या. हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभात ठेवला, ठकठक थांबेना. बैल पाण्याले तोंड लावेनात, अन् त्यातला राजा माह्या बापानं आंदण देल्ला व्हता. त्याचे डोळे खोल गेले, बापा. म्या मामाजीले म्हटलं,

"शिक्का बसला तं बसू द्या. राजा मेला तं माह्यं माहेरचं इथं काय रायलं?"

अन् म्याच माती, कडबा सारला. म्या फळी उचकली. पाणी काळंशार. फळीच्या आतल्या अंगाले ओरखडेच ओरखडे. अन् बाई कव्हाचीच मेलेली, आत नुसतं कवच तरंगे. मामाजी म्हने तेच फळीले लागत असन. असन बापा. पण पाणी तं हालत नव्हतं, अन् ठकठक तं म्या आताच ऐकली व्हती.

राजाले नदीवर नेलं, पाणी पेला, वाचला. हौद उपसला, घासला, पुन्हा कव्हा झाकला नाई. शिक्का माराले कोणी आलंच नाई.

आता नातवानं शेततळं केलं, खाली काळं प्लास्टिक, वरतून जाळी टाकतो म्हने, पाणी उडत नाई, कचरा पडत नाई. म्या म्हटलं झाक बापा, चांगलंच हाय, पण एक कोपरा उघडा ठेव. काऊन वं आजी, म्हनून हासते, पण ठेवते. गुणाचा हाय, सुखी राहो. दुपारी मी तिथं जाऊन बसतो. अजून काई आवाज आला नाई. पण आला तं बाईले दम घ्याले तोंड वर काढाले जागा पाह्यजे ना.