डाव्या कानाची मेंढरं

चहा राहू द्या, आधी हे ऐका. अजून आठवलं की माझं टाळकं सरकतं. मांडवगणात आमची शेजारीण होती, सखूमावशी धनगरीण. नवरा गेला आन् दोन्ही पोरांना म्हातारी जड झाली. दौंडला एक आश्रम होता. ज्याला कुणी न्हाई त्याला फुकट ठेवायचे, पोरं असली की दरमहा पैसे मागायचे. साक्षीला म्हणून पोरांनी मावशीबरोबर मलाबी एस्टीत घालून नेलं. साक्ष कसली, ते वाटेत बोलले न्हाईत!

तिथं साहेबानं विचारलं, "आजींना मुलंबाळं?"

थोरला म्हणतो, "कुणी न्हाई. आम्ही गावकरी."

आन् आई शेजारी बसलेली! माझा हात चपलेकडंच गेला. तेवढ्यात मावशी बोलली, "खरं हाय साहेब, मला कुणी न्हाई. पण यांच्या कळपात डावा कान कातरलेली मेंढरं माझ्या माहेरची हायत. ती आश्रमाच्या नावानं लिवून घ्या."

थोरला ओरडला, "आये, आगं काय बोलतीस!"

साहेबानं टाक खाली ठेवला. "आई कुणाला म्हणालास?"

मावशीनं पदर सावरला. "येडं हाय ते, गावातलं. तुम्ही लिवा."

साक्षीची सही मी केली. चांगली ठासून.