बाबांच्या भजनाच्या सीडी

चेंबूरला दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायचा होता. बाकावर शेजारी दोघी बोलत होत्या.

“श्वेता, आठवडा झाला गं, आमच्याकडे बिनवाटणाची आमटी.”

“मिक्सर बिघडला?”

“मिक्सर झकास आहे. पण सासरे गेले ना, आता गणपतीला गावी त्यांच्या भजनाच्या सीडी वाटायच्यात. कम्प्युटरवर काढतोय. आई म्हणतात, मिक्सर लावलास तर आवाज भजनात जाईल.”

“पण गाणं आधीच रेकॉर्ड झालंय ना!”

“सांगून थकले.”

“मग पटापट काढून मोकळे व्हा.”

“कसलं पटापट! एक सीडी निघेपर्यंत मालिकेचे तीन भाग होतात. आमच्या निलेशने नवा सीडी रायटर आणला, कम्प्युटरला फॉरमॅट मारला, तरी तेच. काल बघते तर आईच स्पीड कमी करून ठेवतात.”

“त्यांना कम्प्युटर येतो?”

“तेवढंच येतं. ‘फास्ट काढली तर हे भरभर गातील,’ म्हणतात. ‘जन्मात कधी ह्यांनी घाईने आरती म्हटली नाही.’”

“अगं, मग एक फास्टवाली ऐकवायची ना त्यांना!”

“ऐकवली. एक फास्ट, एक स्लो. दोन्ही सेम टू सेम.”

“मग?”

“फास्टवालीत हे धापा टाकतायत, म्हणाल्या.”

“कमाल आहे बाई! तू काय केलंस?”

“काय करणार? कान लावून परत ऐकली.”

“आणि?”

“स्पीड कमीच ठेवला. आजपण बिनवाटणाचीच आमटी.”