आजोबा पोचले का?

सन्माननीय अध्यक्ष कुमुदताई, व्यासपीठावरचे मान्यवर, आमच्या इटालियन वर्गाच्या शाजियाबाई आणि पनवेलच्या या सभागृहात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी बळीराम म्हात्रे, राहणार गव्हाण. बाई उद्या मिस्टरांकडे मस्कतला निघाल्यात, म्हणून निरोपाला मला उभं केलंय. साठी उलटल्यावर हा माणूस इटालियन कशाला शिकला, असं मनात आलंच असेल. आमचा मुलगा प्रितम इटलीत असतो, त्यानं तिकडचीच बायको केली. नात लुचीया पाच वर्षांची, मराठीचा गंध नाही. नातीशी बोलायला दुभाषी ठेवायचा का?

मला छळलं ते भूतकाळी धातुसाधितानं. आजोबा पोचले तर 'आर्रिवातो', आजी पोचली तर 'आर्रिवाता'. म्हटलं, हे तर आपलंच, पोचला-पोचली. मग आलं 'मांजातो', म्हणजे खाल्लं. सफरचंद त्यांच्यात स्त्रीलिंगी, म्हणून मी थाटात 'मांजाता' म्हणालो. बाई म्हणाल्या, "नाही काका, इथे बदलत नाही." असं का? तर पोचण्याला ते 'आहे' जोडतात आणि खाण्याला 'जवळ आहे'. पोचलेला माणूस स्वतःच असतो, म्हणून रूप त्याच्यासारखं होतं. खाल्लेलं नुसतं त्याच्याजवळ असतं. मला याचं अजून नवल वाटतं.

पण माझी खरी चूक व्याकरणात नव्हतीच. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, ही आपली रीत. मी दर रविवारी फोन ठेवताना लुचीयाला 'वेंगो' म्हणायचो, म्हणजे येतो. एकदा प्रितम म्हणाला, "बाबा, तुमी फोन ठेवला की ती जेवणाच्या टेबलाला एक खुर्ची जास्त लावते. मग आईला विचारते, नोन्नो ए आर्रिवातो?"

आजोबा पोचले का?

बाईंना विचारलं, आमच्याकडं येतो म्हणजे जातो, हे लेकराला कसं समजावू? म्हणाल्या, "वाक्य हवं तर देते. पण काका, त्यापेक्षा जाणं सोपं नाही का?" घरी आमच्या बायकोनं, वेणूनंही तेच सुनावलं, "दर आयतवारी येतो येतो बोलता, मंग जा ना एकदाचे."

पासपोर्ट आलेत. दिवाळीत दोघंही निघतोय. दोघं पोचलो तर 'आर्रिवाती', तेही बाईंनी घोटून घेतलंय.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, जीभ घसरली असेल, तर सांभाळून घ्या. आणि बाई, आता दाराशी तुम्ही 'येते' म्हणाल. मीही ते लुचीयासारखं खरंच धरणार आहे. वर्गात तुमची खुर्ची मांडून ठेवतो.