बायकोचं आमेन

"—देवाची योजना, म्हणून चाललोय. हे मी सगळ्यांनाच सांगतो, तुम्हालाही तेच सांगितलं — अहो, हलू नका, मान अशीच राहू द्या. तुम्हीही याच धंद्यातले, वस्तरा गालावर असताना गिऱ्हाइकानं बोलायचं नसतं, बोलायचं काम आपलं. दुकान विकत घ्यायच्या आधी खुर्चीत बसून दाढी करून बघायची, ही तुमची पद्धत मला आवडली बुवा. खुर्ची मागे किती झुकते, आरशात उजेड कसा पडतो, सगळं बसल्या बसल्या कळतं. नळ जरा घट्ट आहे, ते आधीच सांगून ठेवतो. नंतर तक्रार नको.

आता योजनेचं कसं, ते सांगतो. हा पडदा दिसतो ना, त्याच्यामागे आमचं घर. आम्ही दोघंच, मी आणि बायको. रोज संध्याकाळी जेवणाआधी टेबलापाशी प्रार्थना — एकानं करायची, दुसऱ्यानं शेवटी आमेन म्हणायचं. म्हणजे मला मान्य आहे, माझीही सही समजा. बरं, नवरा-बायको म्हटल्यावर भांडण आलंच, आणि प्रार्थनेत भांडू नये असं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ती डोळे मिटून म्हणते, 'बापा, पलंगावर ओला टॉवेल टाकणाऱ्यांना तू सद्बुद्धी दे.' मी आमेन म्हणतो — न म्हणून सांगतो कुणाला, जेवण समोर असतं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. 'प्रभू, तू ज्यांना जीभ दिलीस, त्यांच्या जिभेला थोडी विश्रांतीही दे.' तीही म्हणते आमेन, पण दातओठ खात. अख्ख्या संसारात आम्ही एकमेकांशी थेट असे भांडलोच नाही. सगळं व्हाया देव.

तर पाळकसाहेबांनी चर्चमध्ये एक टूम काढली. प्रत्येकानं उपासनेत उभं राहून सांगायचं, की आपल्या आयुष्याबद्दल देवाची योजना काय आहे, आपले बेत तिच्याशी जुळतात का. चांगलीच गोष्ट आहे, माझा विरोध नाही. शिंप्याची सून उठली — नर्सिंगला जाणार, देवानं तसं मनात घातलंय. पोस्टमन उठला — दारू सोडणार. आणि सोडली हो, तेव्हापासून टपाल वेळेवर येतं. मग माझी पाळी. उभा राहिलो. माझी कसली योजना? सकाळी दुकान उघडायचं, संध्याकाळी लावायचं, शनिवारी सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामांची दाढी. हे काय देवाच्या नावावर सांगायचं? सगळे वळून बघतायत. आणि माझ्या तोंडातून थोरल्या भावाचा बेत बाहेर पडला. थोरल्याचं मोठ्या शहरात काचेच्या दारांचं सलून आहे, कधीचा मागे लागलाय — ये, वरचा मजला तू सांभाळ. मी म्हणालो, 'प्रभूनं मला मोठ्या शहरात बोलावलंय.' बोलावलं होतं थोरल्यानं. नाव तेवढं बदललं. तर टाळ्या! पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर बघा जरा. हनुवटीखाली राहिलंय.

त्याच संध्याकाळी प्रार्थना केली — 'प्रभू, तू दाखवलेल्या वाटेनं आम्हाला ने' — आणि थांबलो. आमेन काही येईना. एक डोळा उघडून बघितलं, तर ही ताटाकडे बघत बसलेली. बरोबरच आहे, तिचे वडील समोरच्या घरात एकटे राहतात, संडे स्कूलची पोरं हिच्या हाताखाली वाढलेली, ती कशाला आमेन म्हणतेय? दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच तेच. जेवण गार व्हायचं. आणि मला — तुम्ही परके म्हणून सांगतो हं — मला बरं वाटायचं. थोरल्याचा फोन आला की सांगायचो, हिचं मन तयार नाही रे. चर्चमध्ये सांगायचो, घरून विरोध आहे, प्रार्थना करा. लोक हळहळायचे. म्हणजे देवाचं बोलावणंही माझ्याकडे आणि दुकानही माझ्याकडेच. इतकी सोय कुणाच्या नशिबी असते?

आणि मग एका संध्याकाळी तिनं आमेन म्हटलं.

मोठ्यानं, स्वच्छ. मी दचकलोच. आणि डोळे न उघडता तिनं स्वतःची प्रार्थना सुरू केली — 'बापा, तू या माणसाला बोलावलंस आणि मीच आडवी आले. तुझ्याशी खूप भांडले. क्षमा कर. मी तयार आहे.' रडली. रडून झाल्यावर तिचा चेहरा असा झाला — ताप उतरल्यावर माणसाचा होतो ना, तसा. आणि मी? मी भाजी वाढून घेतली.

तेव्हापासून तिचे हात थांबलेले नाहीत. पडदे उतरवले — हा एवढा राहिलाय. संडे स्कूल कंपाउंडरच्या बायकोच्या हवाली केलं. वडिलांना आपल्या मोठ्या बहिणीकडे राहायला तयार केलं, तो माणूस शेजारच्या गल्लीत जायलाही कुरकुरतो. काल याच खुर्चीत मी त्यांची दाढी केली. त्यांना आता कमी दिसतं, हातानं गाल चाचपून बघतात. म्हणाले, 'देवानं बोलावल्यावर म्हाताऱ्यानं मधे येऊ नये.' लाज वाटली हो मला. इतकी लाज वाटली, की पावडर दोनदा लावली त्यांना. आज सकाळी त्यांची खाट हातगाडीवरून गेली. ही त्यांना पोचवायला गेलीये, येईल एवढ्यात.

तुम्ही म्हणाल, सांगून टाक. काय सांगू? तिनं देवाच्या शब्दावर आपल्या बापाला घरातून उठवलं, आणि तो शब्द देवाचा नव्हताच, माझा होता, उभं राहिल्यावर काही सुचेना म्हणून काढलेला? आज दुकान उघडायच्या आधी इथंच गुडघे टेकले. म्हटलं, 'प्रभू, तूच तिला सांग.' — म्हणजे बघा, इथंही त्यालाच पुढं घातलं. त्यानं तरी किती निरोप पोचवायचे?

मला जायचं नाही हो. मला काचेचं दार नको, वरचा मजला नको. मला हेच आवडतं — शटर वर करायचं, फडकं झटकायचं, शनिवारी मामांचे गाल गुळगुळीत करायचे. कुणास ठाऊक, देवाची योजना हीच असेल, आणि मला ती चारचौघांत सांगण्याइतकी मोठी वाटली नाही. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. बोललो ते साबण लावलेल्या तोंडापुढं, घ्या.

थांबा. आली वाटतं.

ये. मामा पोचले नीट? — हो, दुकान बघायला आलेत ते हेच. — नाही, ठरलं नाही अजून. — आधी प्रार्थना? नको. नको गं, डोळे मिटू नकोस. अहो, तुम्ही उठा. हा टॉवेल घ्या, उरलेला गाल कोपऱ्यावरच्या सलूनात करून घ्या. दुकान द्यायचं नाहीये. — तुला नाही, यांना म्हणालो. तू बस. इथं, या खुर्चीत बस. आज त्याला मधे घ्यायचं नाही. तुझ्याशीच बोलायचंय."