न्हाणीतली बादली

गौरम्मा : ऑपरेशनच्या आधी आंघोळ केली न्हवती त्यांनी, सिस्टर. डॉक्टरसायबांनी इचारलं तवा मालक खोटं बोलले.

महानंदा सिस्टर : केली होती मावशी. आतड्याची गाठ काढायची, तिथं आधीच घाण; म्हणून साबण लावून स्वच्छ न्हायला मीच बादली दिली होती.

गौरम्मा : त्या पाण्यानं मी न्हाले.

महानंदा सिस्टर : काय बोलताय?

गौरम्मा : मालक म्हणले, 'दुष्काळात वीस दिस झाले, तुझ्या डोक्याला पाणी न्हाई. तू न्हा. मी वल्ल्या फडक्यानं पुसून घेतो, पोट तर ते कापणारच हायेत.' लई न्हाई म्हणले मी, ऐकलंच न्हाई. मालक सोता न्हाणीच्या दारात पाठ करून बसले, कोणी येऊ ने म्हणून.

महानंदा सिस्टर : बसा. आधी खाली बसा.

गौरम्मा : आत मी गाणं म्हणून राहिले हुते. इतकं बरं वाटलं हुतं. अन् आता टाक्यातून पू, अंगात ताप. माझ्यामुळंच न्हवं?

महानंदा सिस्टर : एका आंघोळीनं ठरत नाही हो. आतड्यातली घाण असते, हत्यारं असतात, आमचे हात असतात. लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या पाट्या लागल्या, पण दवाखान्याला पाणी टँकरचंच. त्या दिवशी डॉक्टरांनीसुद्धा दोन तांब्यांत हात धुतले.

गौरम्मा : पण त्यात माझं बी हाय. हाय का न्हाई, तेवढं सांगा.

महानंदा सिस्टर : असेल थोडं. कुणाचं किती, ते देवालाच ठाऊक.

गौरम्मा : परत ऑपरेशन करा की.

महानंदा सिस्टर : डॉक्टर नको म्हणाले. विष रक्तात गेलंय. एक-दोन दिवस, मावशी. जवळ बसा त्यांच्या.

गौरम्मा : तुम्हाला आधीच ठावं हुतं. बादलीचं ऐकून 'काय बोलताय' म्हणलात, पण तुम्ही दचकल्या न्हाईत.

महानंदा सिस्टर : काल पट्टी बदलताना त्यांनीच सांगितलं. माझा हात धरला. म्हणाले, 'आमच्या गौरम्माला कळू देऊ नका. ती जन्मभर स्वतःला खाईल.' मी शब्द दिला होता त्यांना.

(आतून खोकल्याचा आणि हाकेचा आवाज.)

गौरम्मा : हाक मारून राहिलेत. डोळे पुसू द्या मला.

महानंदा सिस्टर : काय सांगाल त्यांना?

गौरम्मा : काय सांगायचं? मला काय बी ठावं न्हाई.