ब्रेकच्या नटाचे साडेतीन फेरे

ठिकाण: चालतापुकुर पोलीस थाना, कलकत्ता
तारीख: ९ ऑक्टोबर २०१४, सकाळी ७ वाजून ४० मिनिटे

मी अनादिनाथ कर्मकार, वडिलांचे नाव कै. हरिपद कर्मकार, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, चालतापुकुर ट्राम डेपोत ब्रेक फिटर, शिक्षण गावच्या शाळेत आठवीपर्यंत, राहणार डेपोमागील गल्लीतील मेस, खोली क्रमांक ६, मूळ गाव शिमुलडांगा, जिल्हा हुगळी. मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतः होऊन समक्ष हजर राहून सांगतो की,

गेल्या १७ सप्टेंबरला, बुधवारी, मी रोजच्यासारखी पहाटे आंघोळ केली, जप केला आणि साडेचार वाजता डेपोत गेलो. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. आदल्या संध्याकाळी आम्ही सर्व फिटरांनी आपापली हत्यारे घासून, तेल लावून शेडमधील मूर्तीपुढे मांडली होती. माझा मोठा पाना मी माझ्या हाताने मांडला आणि त्याला सिंदूर लावला. एकदा मांडलेले हत्यार दुसऱ्या दिवशी विसर्जन होईपर्यंत आमच्यात कोणी उचलत नाही. ट्रामगाड्या मात्र पूजेच्या दिवशीही सुटतात. पहिली गाडी सव्वापाचची. तिने गंगास्नानाला जाणारी म्हातारी माणसे जातात.

दुरुस्तीच्या रजिस्टरात ड्रायव्हर बलाई घोरुई यांनी आदल्या संध्याकाळी लिहून ठेवले होते: "गाडी क्र. २१७, ब्रेक उशिरा धरतो." ती गाडी डेपोत आली तेव्हा हत्यारे मांडून झाली होती, त्यामुळे काम तसेच राहिले होते.

मी बॅटरी घेऊन गाडीखाली पाहिले. ब्रेकचा ठोकळा झिजला की तो आणि चाक यांच्यातील फट वाढते. खालचा नट आवळून ती कमी करावी लागते. अर्धे बोट फट चालते. मी हात घालून पाहिला, तर दोन बोटे सहज गेली. अशा गाडीचा हवेचा ब्रेक उशिरा लागतो आणि हाताचाही उशिरा लागतो, कारण दोन्ही त्याच दांड्यावर चालतात. हे मला तेव्हा माहीत होते. मी बाहेर आलो आणि रजिस्टरात "पाहिले, ठीक" असे लिहून सही केली.

तेवढ्यात बलाई घोरुई आले. त्यांचे वय एकोणसाठ, निवृत्तीला पाच महिने राहिलेले. मी त्यांना बलाईदा म्हणतो. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"काय रे अनादि, आवळलंस का?"

"बघितलंय, बलाईदा."

"बघितलंस ते कळलं. तुझ्या नजरेनं नट फिरतो की काय?"

"आज विश्वकर्माबाबांचा दिवस आहे. त्यांचं नाव घ्या आणि निघा. जरा सांभाळून."

"तेहतीस वर्षं सांभाळूनच चालवतोय. गाडीला सांग सांभाळायला."

त्यांनी रजिस्टरात माझी सही पाहिली. मग गाडीच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि गाडी काढली. नट ढिला आहे एवढे तीन शब्द मी बोललो असतो तर त्यांनी ती काढली नसती.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी २१७ क्रमांकाची गाडी कालव्यावरच्या पुलाच्या उतारावरून नतूनहाटच्या चौकात आली, तेव्हा ती थांबली नाही. झेंडूची फुले घेऊन रूळ ओलांडणारी एक सायकल व्हॅन, म्हणजे मालाची पायडलची तीनचाकी, तिच्यापुढे सापडली. व्हॅनवाले साबेर मोल्ला, वय ३४, यांचा उजवा पाय चाकाखाली गेला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. हे थान्याला माहीत आहे. यापुढचे माहीत नाही.

मी धावत गेलो तेव्हा साबेर यांना टॅक्सीतून नेले होते. बलाईदा चबुतऱ्यावर बसले होते आणि त्यांची चप्पल एकाच पायात होती. पुलाच्या मध्यापासून चौकापर्यंत दोन्ही रुळांवर वाळू पडलेली होती. गाडी घसरते आहे असे वाटले की ड्रायव्हर पायाने दट्ट्या दाबून चाकांपुढे वाळू सोडतो. वाळू साठ हात तरी असावी. म्हणजे साठ हात आधीपासून बलाईदा गाडी थांबवायला पाहत होते.

आमचे फोरमन खगेन्द्र पुरकाइत आले आणि म्हणाले, "रूळ मोकळे करा. मागं गाड्या अडकल्यात. अनादि, ती वाळू झाडून घे." झाडू हे हत्यार नव्हे, तो मूर्तीपुढे मांडलेला नव्हता. मी पुलापर्यंत सर्व वाळू झाडली. फुलेही झाडली. त्यानंतर थान्यातून पंचनाम्याला लोक आले.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, दुपारी मूर्तीचे विसर्जन झाले. परत आल्यावर मी पाना उचलला, २१७ च्या खाली गेलो आणि नट आवळला. नटाला साडेतीन फेरे बसले. कामाला सहा मिनिटे लागली. १९ तारखेला तपासणीचे साहेब आले, त्यांना ब्रेक बरोबर आढळला. तसे त्यांनी लिहून नेले. ते खोटे बोललेले नाहीत. ब्रेक बरोबर होता.

त्याच दिवशी संध्याकाळी पुरकाइतबाबूंनी मला चहाच्या टपरीवर गाठले. त्यांनी मला धमकावले असे माझे म्हणणे नाही. ते म्हणाले, "वरचे लोक लाइन बंद करायला निमित्तच शोधतायत. यंत्रात दोष निघाला की उद्या रुळांवर डांबर ओततील. शंभर वर्षांहून जुनी लाइन, अनादि. एवढी एकच राहिलीय आपल्या भागात."

मी विचारले, "आणि बलाईदा?"

"बलाईनं स्वतःच लिहून दिलंय, डुलकी लागली असावी म्हणून. तो स्वतः म्हणतोय, मग आपण कोण त्याला खोटं पाडणार? चहा घे, गार होतोय."

मी चहा घेतला.

बलाईदांनी असे का लिहून दिले, हे मला समजत नव्हते. मला वाटले, लाइन वाचावी म्हणून त्यांनी दोष अंगावर घेतला. असे समजल्यावर मला थोडे बरे वाटले. दोन आठवडे मी तसेच समजून राहिलो. या काळात त्यांना कामावरून दूर केले आणि त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ते जामिनावर आहेत.

मी दोनदा इस्पितळात गेलो. पहिल्यांदा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परतलो. दुसऱ्यांदा साबेर यांच्या खाटेपाशी उभा राहिलो. मी कोण हे सांगितले नाही. त्यांना वाटले, मी शेजारच्या खाटेचा माणूस आहे. ते आपणहून म्हणाले, "घंटा ऐकली होती हो मी. ऐकूनच रूळ ओलांडला. मोटार असती तर थांबलो असतो. ट्राम काय, थांबणारच. लहानपणापासून तिच्यापुढून पळतोय, कधी थांबली नाही असं झालंय?" मी त्यांना पाणी दिले आणि आलो.

५ ऑक्टोबरला, रविवारी, मी दुर्गापूजेनंतरच्या विजयेच्या नमस्काराला बलाईदांच्या घरी गेलो. दर वर्षी जातो. न गेलो असतो तर त्यांना वाईट वाटले असते. मी पाया पडलो. त्यांनी मला उठवून तीनदा छातीशी धरले. वहिनींनी नारळाचे लाडू आणले.

त्या म्हणाल्या, "घे की अनादि. की यंदा गुन्हेगाराच्या घरचं चालत नाही?"

बलाईदा म्हणाले, "गप गं. पोराला खाऊ दे." मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, तरी ते मला पोर म्हणतात.

मी विचारले, "बलाईदा, तुम्हाला खरंच झोप लागली होती?"

त्यांनी हातातला लाडू ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "मला तर वाटतं मी जागा होतो. ब्रेक मारला, घंटा मारली, वाळू सोडली, सगळं आठवतंय. पण पुरकाइत म्हणाला रुळांवर वाळू नव्हती. पोलिसांच्या कागदातही नाही. म्हणजे ते मी मनातच केलं असणार, नंतर. आणि ब्रेकचं म्हणशील, तर तू ठीक लिहिलं होतंस. तू लिहिलंस म्हणजे ठीकच असणार. मग राहिलं कोण? मीच ना? वय झालं रे. पापणी कधी पडली, कळलंही नाही."

वहिनी म्हणाल्या, "रात्रभर बसून असतात. मला विचारतात, गं, मी आत्ता झोपलो होतो का?"

मी जायला उठलो. बलाईदांनी आणखी एक लाडू माझ्या खिशात घातला. तो मी खाल्लेला नाही. तो खोलीत ताटलीखाली आहे.

त्यानंतर तीन सकाळी जप करताना माझी मोजणी चुकली. १०८ मण्यांच्या माळेत मी कितीदा तरी मध्येच परत पहिल्यावर आलो. तेव्हा मला वडिलांची एक गोष्ट आठवली, ती सांगणे जरूर आहे.

माझे वडील गावचे कामार, म्हणजे लोहार होते. एका विश्वकर्मा पूजेला एक बैलगाडीवाला गाडीसकट चाकाची निसटलेली लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची पट्टी, घेऊन आला. वडिलांनी हत्याराला हात लावला नाही. ही गोष्ट मी डेपोतल्या लोकांना वीस वर्षे सांगत आलो आहे आणि लोकांनी मान डोलावली आहे. पण ती अर्धी आहे. वडिलांनी हाताने आसाची खुंटी उपटली, ते चाक गाडीतून काढले आणि घरात नेऊन ठेवले. गाडीवाला अंगणात उभा राहून ओरडत होता, "अरे कामारा, काम करत नाहीस तर माझं चाक तरी दे!" वडील म्हणाले, "उद्या दोन्ही देतो. आज आमच्याकडे जेव." तो शिव्या देत जेवला आणि आमच्या ओसरीवर झोपला.

मी हत्यार उचलले नाही, एवढे वडिलांसारखे केले. पण गाडी जाऊ दिली. देवाचे नाव मी सोयीला घेतले. पूजेच्या दिवशी काम बंद ठेवायचे ते हत्याराला विसावा म्हणून. ढिल्या ब्रेकची गाडी माणसांत सोडा, असे देवाने कोणालाही सांगितलेले नाही.

आज सकाळी मी साडेचारला डेपोत गेलो. डेपोतल्या सहाही गाड्यांखाली उतरून ब्रेक पाहिले. चार गाड्यांचे नट मी आवळले, त्या धावू शकतात. २०३ आणि २२१ यांचे ठोकळे इतके झिजले आहेत की नट आवळून उपयोग नाही, आणि नवे ठोकळे शिल्लक नाहीत. रजिस्टरात मी तसे लिहिले. नंतर त्या दोन गाड्यांच्या, ड्रायव्हर ज्या फिरवून गाडी चालवतो त्या पितळी मुठी काढून पिशवीत घातल्या.

फाटकात पुरकाइतबाबू भेटले. त्यांनी विचारले, "पिशवीत काय आहे?"

"दोन गाड्यांच्या मुठी."

"डोकं फिरलं का? आण इकडे. निघालास कुठं?"

"थान्यात."

ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "लाइन बंद पडेल, अनादि. मग तुझ्या ब्रेकला विचारणार कोण?"

मी पिशवी काखेत घेतली. लाइन बंद पडू नये असे मलाही वाटते. मी या कामाशिवाय दुसरे काही शिकलेलो नाही. फाटकाबाहेर सव्वापाचच्या गाडीची माणसे लोटे आणि ओली वस्त्रे ठेवायच्या पिशव्या घेऊन उभी होती. पहिली गाडी ठरल्याप्रमाणे सुटली. ती जाईपर्यंत मी थांबलो आणि मग चालत येथे आलो. थाना उघडा होता, पण साहेब नव्हते, म्हणून सात वाजून चाळीस मिनिटांपर्यंत बाकावर बसलो.

मी पुढील वस्तू हजर करीत आहे. एक, माझा मोठा पाना. सिंदूर मी पुसला होता, तो खाचेत अजून आहे. दोन, गाडी क्र. २०३ व २२१ यांच्या मुठी. नवे ठोकळे बसेपर्यंत त्या डेपोत परत देऊ नयेत. तीन, १७ सप्टेंबरचे रजिस्टरचे पान. ते मी न विचारता फाडून आणले आहे, तोही माझाच गुन्हा आहे.

उद्या, १० तारखेला, बलाई घोरुई यांची खात्यात चौकशी आहे. त्यांना झोप लागलेली नव्हती. त्यांनी ब्रेक वेळेवर मारला आणि वाळू सोडली. वाळू मी झाडली. हे त्यांना थान्याने आजच लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे. मी तोंडी सांगून चालणार नाही. ते विचारतील, तू बघितलं होतंस ना, ठीक आहे म्हणून लिहिलं होतंस ना. माझ्या शब्दावर त्यांनी एकदा विश्वास ठेवलेला आहे. साबेर मोल्ला यांनाही कळवावे. त्यांना पाणी देणारा माणूस कोण होता, तेही सांगावे.

लिहिलेले सर्व मला सावकाश वाचून दाखवले. एके ठिकाणी "नट किंचित ढिला होता" असे लिहिले गेले होते, ते मी खोडायला लावून "दोन बोटे फट होती" असे करून घेतले. आता ते माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे. खाली सही करीत आहे. रजिस्टरच्या पानावरची सही आणि ही सही एकाच हाताची आहे, पडताळून घ्यावी.

(सही) अनादिनाथ कर्मकार