पुनवेपर्यंत बांधलेला पाय

आमचं गाव वेल्ह्याच्या पल्याडचं, डोंगरातलं. नाचणी आन भात, दुसरं काय पिकणार तिथं. घरात शिकलेलं कुणी न्हाई, तरी आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, मला पुण्याच्या कालेजात घातलं. डोंगर चढून पिंढऱ्या अशा टणक झालेल्या की पयल्याच साली फुटबालच्या टीममधी घेतलं. आमी निम्मे अनवाणी खेळायचो, समोरचे बूटवाले. कप्तान भोरातल्या वकिलांचा मधू. बामणाचं पोरगं, पर माझ्या ताटात जेवायचा, आन जेवताना खोड्या काढायचा ते येगळंच.

काय सांगू तुमाला, त्या साली आमी जिंकतच गेलो. फायनलच्या आधीच्या म्याचला आबा आले, निम्मी वाट चालत, निम्मी मोटारनं. त्यांना खेळ कळंना, शेजारच्याला म्हणत व्हते, एवढी माणसं एका चेंडूमागं कशापायी मरत्यात. म्या गोल केला तवा मातूर उभे ऱ्हायले. मग एका गड्याचा बूट नडगीवर बसला आन हाड काडकन मोडलं. म्याच आमी जिंकलो. पोरं नाचत व्हती आन मी मातीत पडलेलो.

मधू म्हणाला, आबा, दवाखान्यात नेऊ, पिलाष्टर घालतील. आबा म्हणाले, न्हाई, तिथं पाय कापत्यात, आमच्या आळीतला एकजण तसाच परत आला, माझ्या लेकराचं तसं करायचं न्हाई. लई समजावलं, पर ते कुणाचं ऐकंनात. मला गावाकडं आणलं, हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडं. त्यानं कितींची हाडं बसवलेली, खोटं कशाला बोलू. त्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या लावल्या, सुतळीनं आवळून बांधलं आन बजावलं, पुनवेपर्यंत सोडायचं न्हाई.

दोन-चार दिसांत बोटं गार पडली. मी म्हणालो, आबा, बोटं कळंनात. आबा म्हणाले, आग गेली, म्हंजे गुण आला. त्यांनी भैरोबाला नारळ फोडला. मग बोटं काळी पडली, वास यायला लागला. आई उगीच धूप जाळायची. मला भ्या वाटायचं, पर बोललो असतो तर आबांचं तोंड बघवलं नसतं.

फायनलच्या आदल्या दिशी मधू आला, मला म्याच बघायला न्यायला. दारातच थबकला. इळा मागून घेतला आन सुतळ्या कापायला बसला. आबांनी हात धरला, पुनव व्हायचीय रं बाबा. मधू रडत व्हता, पर कापत ऱ्हायला. मग डोलीतनं मला डोंगराखाली आणलं, एका बाजूला मधूचा खांदा, दुसऱ्या बाजूला आबांचा. दवाखान्यात गुडघ्यावरनं पाय कापला. तिकडं मधूवाचून फायनल झाली आन आमी हरलो.

आता मी कुबडीवर शाळेत जातो, पोरांना शिकवतो. मधू भोरला वकिली करतो, येतो भेटायला, फुटबालचं नाव काढत न्हाई. आबा लई थकले, डोळ्यांनी दिसत न्हाई. रोज सकाळी इचारत्यात, पाय दुखतोय का रं? कुठला पाय, ते इचारत न्हाईत, मी बी सांगत न्हाई. जो न्हाई त्याचीच बोटं ठणकत्यात, कुणाला सांगून पटंल? मी म्हणतो, न्हाई आबा, बरा हाय. मगच ते चा पित्यात. देवानं त्यांना हेच ऐकता ऐकता न्यावं, दुसरं काय मागणं न्हाई माझं.